खंडेनवमीची फ्लॉपी

(निघोजे गावाला लागून असलेलं एक छोटं वर्कशॉप. मोजणीची खोली: दार बंद, एसी चालू, काळ्या दगडाच्या टेबलावर उभं मापाचं मशीन. शेजारी उघडा पडलेला कॉम्प्युटर. त्याच्यापुढं दुरुस्तीला आलेली स्वरूपा आणि रोज मोजणी करणाऱ्या सुमनताई. सकाळचे अकरा.)

सुमनताई: परत निळं झालं.

स्वरूपा: झालं.

सुमनताई: आता काय म्हनतंय?

स्वरूपा: मघाशी म्हणालं तेच. हार्ड डिस्क सापडत नाही. आत बसवलीये, वायर लावलीये, फिरतेयसुद्धा. आणि हा दारात उभा राहून म्हणतो, घरात कुणी नाही.

सुमनताई: वरच्या लायनीतलं सहा नंबरचं बटन दाबलंस का?

स्वरूपा: एफ सिक्स? दाबलं. तुम्हाला कसं माहीत ते?

सुमनताई: मशीन बसवाया इंजिनेर आलता, त्यानं दाबलं व्हतं. सतरा वरसं झाली. मी तवा ह्या खोलीत झाडू मारत व्हते. हात झाडूवर, ध्यान त्याच्या बोटावर. सालभरानं मशीन माझ्याच हातात आलं.

स्वरूपा: तेच बटण. ते दाबलं की विंडोज विचारते, या डिस्कशी बोलायचं कसं ते सांग. ते सांगणारी फाइल म्हणजे ड्रायव्हर. आणि ती फाइल तिला फक्त फ्लॉपीवरून लागते. पेन ड्राइव्ह दिला तर ढुंकून बघत नाही.

सुमनताई: मंग दे की फ्लॉपी.

स्वरूपा: या कॉम्प्युटरच्या डब्याला फ्लॉपीची खाचच नाही, ताई. आत जोडायला जागासुद्धा नाही.

सुमनताई: खाच असलेला डबा का न्हाई आनला?

स्वरूपा: तुमच्या मशीनची वायर या हिरव्या पट्टीत येते. ही पट्टी नव्या कॉम्प्युटरात बसत नाही. बसेल असा जुना डबा शोधायला पिंपळे गुरवपासून भोसरीपर्यंत चार दुकानं पालथी घातली. हा मिळाला हेच पुष्कळ.

सुमनताई: अन् नवी विंडोज टाकली तर? माझ्या नातवाच्या ल्यापटापात हाय तसली.

स्वरूपा: नवीला तुमच्या मशीनची भाषा कळत नाही. जुनी एक्सपीच पाहिजे. सेटिंगमध्ये जाऊन डिस्क जुन्या पद्धतीनं दाखवायची एक सोय असते, ती या डब्यातल्या बोर्डात ठेवलेलीच नाही. सगळं बघून झालं.

उद्धवराव: काय, जमतंय का? गेटवर टेम्पो येऊन उभा राहिलाय.

सुमनताई: चप्पल भाईर काढा, सायेब.

उद्धवराव: अहो हो, हो. माझ्याच वर्कशॉपात मलाच... हं, काढली. टेम्पो आलाय म्हटलं.

स्वरूपा: कसला टेम्पो, काका?

उद्धवराव: भंगाराचा. आमच्या निरंजननं बोलावलाय. लेक आहे माझा, आता तोच बघतो सगळं. मागच्या गुरुवारी लाइट गेली ती आली धाडकन, आणि कॉम्प्युटरातनं धूर निघाला. तेव्हापासून तो म्हणतोय, हे म्हातारं मशीन काढा. मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारपर्यंत थांब. आज शुक्रवार. चार वाजता माल घेणाऱ्या कंपनीचा इन्स्पेक्टर येतोय. चाळीस बुश, म्हणजे या लोखंडी कड्या, आणि प्रत्येकाच्या मापाचा कागद त्याच्या हातात पडला, तर मशीन राहिलं. नाहीतर टेम्पोत.

सुमनताई: मशीन टेम्पोत अन् मी प्याकिंगला. ते बी सांगा की तिला.

उद्धवराव: आता नव्या मशीनबरोबर डिप्लोमावाला माणूस घ्यावा लागतो, सुमनताई. पॅकिंगला काय वाईट आहे? बसून काम.

सुमनताई: वाईट न्हाई. चिकटपट्टी कुनाच्या बी हातानं चिकटती.

उद्धवराव: बरं, ते राहू दे. एसी तरी बंद करा. मशीन बंद आणि एसी कुणासाठी?

सुमनताई: बुशांसाठी. सकाळी साडेसातला चाळीसच्या चाळीस हितं मांडून ठेवल्यात. आन दोन जास्तीचे. सासरहून लेक आली तर दारातनं थेट चुलीपुढं बसवत्यात का? जरा टेकू द्यायची, घोटभर पानी द्यायचं. लोखंड बी तसंच. उन्हातनं आलेलं लोखंड फुगलेलं असतं, खरं बोलत न्हाई.

स्वरूपा: म्हणजे मशीन चालेल याची खात्री होती तुम्हाला?

सुमनताई: न्हाई. पन मशीन चाललं अन् बुश गरम निघाले, तर कुनाच्या तोंडाकडं बघू?

उद्धवराव: आहेत तशा आहेत या. मी जातो. टेम्पोवाल्याला चहा सांगतो. पण चारपर्यंतच हं, पोरी. चार म्हणजे चार.

स्वरूपा: हो, काका.

सुमनताई: गेले?

स्वरूपा: गेले.

सुमनताई: दार लाव, गारवा जातो. अन् एक सांग. फ्लॉपी असली तर काम व्हईल?

स्वरूपा: असली तर... थांबा, असेलही. यूएसबीला लावायचा फ्लॉपी ड्राइव्ह पिंपरीच्या कॅम्पात एका माणसाकडं आहे. तसला जोडला तर विंडोज ऐकते कधीकधी. तासात आणवते. पण ड्रायव्हरची फ्लॉपी? ती कोण ठेवतं आता?

सुमनताई: मी ठिवली हाय.

स्वरूपा: काय सांगता.

सुमनताई: कपाटात, वरच्या खणात. तो इंजिनेर जाताना माझ्या हातात देऊन गेला. म्हनला, बाई, ही जपा, मशीनचा जीव हिच्यात हाय, परत कवा उठवायची येळ आली तर ही लागंल. सायेबांच्या हातात न्हाई दिली, माझ्या हातात दिली. झाडूवालीच्या. हे बघ.

स्वरूपा: लाल कापडात बांधलीये.

सुमनताई: मंग? जीव हाय म्हनला तो. सोड गाठ. हळू.

स्वरूपा: ताई, हिच्यावर हळद आहे. आणि हे तांदूळ?

सुमनताई: अक्षता. खंडेनवमीला आमी मशीन पुजतो ना. लेथला हार, ड्रिलला हार, पान्यांना हळदकुंकू. या मशीनला दगडावर डाग नको म्हनून लांबनंच नमस्कार. मंग हिच्या नावाची पूजा या फ्लॉपीला. दर साली, न चुकता.

स्वरूपा: कुंकू वरच लावलं ना? या पत्र्यावर?

सुमनताई: वर कशाला? तो पत्रा सरकतो की बाजूला. आत ती तपकिरी चकती दिसती. जीव आत हाय, तर बोट आत लावाया नको?

स्वरूपा: इकडं बघा. पत्रा सरकवते. दिसलं?

सुमनताई: लाल झालीय.

स्वरूपा: माहिती त्या तपकिरी थरावर असते. कुंकवानं तो खरवडला गेला. सतरा वर्षं, सतरा बोटं. ही आता कुणालाच वाचता यायची नाही. ड्राइव्ह आणूनही नाही.

सुमनताई: म्हंजी म्याच मारली.

स्वरूपा: असं नका म्हणू.

सुमनताई: मोजनी करनारी बाई हाय मी. हाय ते हाय म्हनायचं. त्यानं जपा म्हनलं, अन् म्या माझ्या डोक्यानं जपली. कशी जपायची ते इचारलं न्हाई. झाडूवालीनं इंजिनेरला काय इचारायचं, म्हनून तोंड बंद ठिवलं.

स्वरूपा: पाणी घ्या.

सुमनताई: नको. आता काय करायचं ते सांग. चार वाजाया किती हाय?

स्वरूपा: साडेअकरा झालेत. फ्लॉपीशिवाय करायचं.

सुमनताई: व्हतं?

स्वरूपा: होतं. वेळखाऊ आहे म्हणून टाळत होते. असं बघा, विंडोजची ही सीडी. ती डिस्कची ओळख बाहेरून मागते, फ्लॉपीवरून. पण आपण ही सीडी आधी माझ्या लॅपटॉपवर उघडली, ड्रायव्हर तिच्या आतच घातला, आणि कोऱ्या सीडीवर ती नव्यानं लिहिली, तर तिला कुणाकडं काही मागावंच लागत नाही.

सुमनताई: पुरनपोळी.

स्वरूपा: काय?

सुमनताई: येगळं पुरन ताटात वाढायचं न्हाई. कनकीत आदी भरायचं, मंग लाटायचं. खानाऱ्याला मागायला लागत न्हाई.

स्वरूपा: अगदी तेच. फक्त पुरण कुठलं ते ठरवायचंय. माझ्या बाबांनी ड्रायव्हरची ही सगळी चवड जमवलेली आहे. परभणीहून इकडं आले तेव्हापासूनची. काही फेकायचं नाही ही त्यांची सवय, आई रोज ओरडायची. या बोर्डाच्या कंपनीचे सात निघाले.

सुमनताई: सात? अन् आपला कुठला?

स्वरूपा: दुकानदारानं डब्यावरचा कागद फाडलाय, त्यामुळं सांगता येत नाही. हा तिसरा सगळ्यात जास्त बोर्डांना चालतो. हाच घालते.

सुमनताई: साती घातले तर?

स्वरूपा: एकमेकांच्या पायात येतात. एकाचं काम असतं आणि दुसराच पुढं धावतो.

सुमनताई: सात जावा अन् एक चूल. कळलं. घाल तिसरा. कोऱ्या सीड्या किती हायत तुज्याकडं?

स्वरूपा: दोन. आता कोण ठेवतं सीड्या. चाकणच्या दुकानातून या दोनच मिळाल्या, त्याही त्यानं माळ्यावरून काढल्या.

सुमनताई: मंग लिव्ह. मी तवर दगड पुसून घेते. आठ दिस झालं, कुनी हात लावला न्हाई. बाई गं, धूळ बघ. आठ दिसात कशी वाळीत टाकल्यागत झाली माझी बाय.

स्वरूपा: तुम्ही काहीतरी म्हणताय का पुसताना?

सुमनताई: सवय हाय. आई दळताना म्हनायची, मी मोजताना म्हनते. हितं कोन ऐकतंय? दार बंद असतं.

स्वरूपा: मी ऐकतेय की. मोठ्यानं म्हणा.

सुमनताई: ऐक मंग.
दळन दळिते बाई, पीठ पडतं भोवती,
मोजनी मोजिते, पडं आकडा सोबती.

स्वरूपा: हे तुमचं?

सुमनताई: माझं न्हाई, मशीनचं. एकटं असलं की सुचतं. तुझी सीडी झाली का?

स्वरूपा: झाली. घालते. आता एफ सिक्स दाबायचं नाही, तिचं तिनं शोधायचं. बघा, पुढं गेली. मघाशी इथंच अडकत होती. पुढं गेली, ताई.

सुमनताई: बोलू नको. दृष्ट लागंल. बघ, निळं झालं.

स्वरूपा: हे वेगळं निळं आहे. आत शिरली आणि कोसळली. म्हणजे ड्रायव्हर चुकीचा.

सुमनताई: तिसरा न्हाई तर.

स्वरूपा: पाचवा घालून बघते. पाचवाही बऱ्याच बोर्डांना...

सुमनताई: थांब.

स्वरूपा: वेळ जातोय, ताई. सव्वाबारा झाले.

सुमनताई: जाऊ दे. एकच सीडी राहिली नव्हं? ती ठिव खाली. हात काढ. मी हितं सोळा वरसं बसले, एकदा बी अंदाजानं आकडा लिवला न्हाई. निरंजन दादा ल्हान व्हते तवा म्हनायचे, मावशी, पंचवीस लिही की, पंचवीसच असनार. म्या न्हाई लिवला. आन निघाला चोवीस पूर्नांक नऊशे ऐंशी. अंदाजानं सैपाक करायचा, मोजनी न्हाई करायची. आता सांग, पुरन कुठलं ते कशावर लिवलेलं असतं?

स्वरूपा: चिपेवर. डिस्कशी बोलणारी ही चिप, इथली. पण तिच्यावर ही ॲल्युमिनियमची जाळी चिकटवलीये, थंड राहायला.

सुमनताई: निघती?

स्वरूपा: निघते. पण ओढताना चिप हलली तर डबा गेला.

सुमनताई: मंग वढायची न्हाई. पिळायची. बरनीचं झाकन अडकलं तर काय करतीस? इकडून थोडी, तिकडून थोडी. हात धू आदी, घाम हाय बोटाला.

स्वरूपा: धुतले. धरा तुम्ही बोर्ड. असं?

सुमनताई: हळू. परत दुसरीकडं. परत. घाई नको, कुनाचं जात न्हाई हितं काय.

स्वरूपा: तुमचं मशीन जातंय.

सुमनताई: म्हनूनच घाई नको.

स्वरूपा: सुटली. निघाली, ताई.

सुमनताई: अन् खाली सगळं पांढरं लोनी फासलंय.

स्वरूपा: पेस्ट असते ती. पुसते. आकडे आहेत खाली, पण इतके बारीक की माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यालासुद्धा धड येत नाहीत. चमकतंय.

सुमनताई: सरक. माझं भिंग दे, ते कपाटाच्या कडीला हाय. अन् ब्याटरी तिरपी धर. वरनं नको, तिरपी. सावली पडली की अक्षर उठतं. हां. पाच. शून्य. दोन. शेवटचं सात.

स्वरूपा: पाच शून्य दोन सात. बसले शोधायला.

सुमनताई: लिवू नको अजून. दुसऱ्यांदा वाचल्याबिगर लिवत न्हाई मी. डबा फिरीव. आता उलट्या बाजूनं धर ब्याटरी. पाच. शून्य. दोन. सातच हाय, एक न्हाई. डोक्यावर आडवी दांडी हाय. आता लिव्ह.

स्वरूपा: पाच शून्य दोन सात. हा बघा. सातातला शेवटचा. बाबांनी त्याच्यापुढं लिहून ठेवलंय, क्वचित लागतो, टाकू नये.

सुमनताई: शाना मानूस. भर पुरन.

स्वरूपा: भरते. जाळी परत बसवली बघा. पण या वेळी तुम्ही बसा इथं. मी सांगते, तुम्ही दाबा.

सुमनताई: मी?

स्वरूपा: पुढच्या खेपेला मी नसले तर? हे बघा, ही विंडोजची सीडी उघडली. आता इथं ड्रायव्हर घाल असं लिहिलंय, तिथं दाबा. आता शेवटच्या फाइलवर. एकदाच.

सुमनताई: थांब, वहीत लिवून घेते. पैलं, चिपेचा आकडा वाचने. दोनदा. दुसरं, सीडी उघडने. तिसरं, पुरन भरने.

स्वरूपा: पुरण लिहिणार वहीत?

सुमनताई: माझी वही हाय. मला कळलं म्हंजी झालं. आता?

स्वरूपा: आता लिहायला लावा. हे बटण. दहा मिनिटं लागतील. मी मुद्दाम हळू लिहायला लावलंय, म्हणजे चुकायची नाही.

सुमनताई: तवर ती फ्लॉपी दे इकडं.

स्वरूपा: कशाला आता? राहू द्या ना.

सुमनताई: दे. हिच्या कागदावर बी काहीतरी लिवलेलं व्हतं, कुंकवाखाली गेलं. भिंग हातात हाय तर बघते. ओलं फडकं दे. हं. पाच. शून्य. दोन. अन् शेवटचं...

स्वरूपा: काय?

सुमनताई: तूच बघ. न्हाई, थांब. दुसऱ्यांदा वाचते. ब्याटरी तिरपी धर. एक. दांडी न्हाई डोक्यावर. पाच शून्य दोन एक.

स्वरूपा: एक?

सुमनताई: चिपेवर सात, हिच्यावर एक. म्हंजी काय?

स्वरूपा: म्हणजे ही जुन्या डब्याची. ज्यातनं धूर निघाला त्याची. या डब्याला ही चाललीच नसती.

सुमनताई: कुंकू न्हाई लावलं असतं तरी?

स्वरूपा: काल कारखान्यातून कोरी करकरीत आली असती तरी. तिच्यासाठी ड्राइव्ह आणला असता, दुपार घालवली असती आणि हेच निळं बघत बसलो असतो.

सुमनताई: मला बरं वाटावं म्हनून सांगत न्हाईस ना?

स्वरूपा: आकडा तुम्ही वाचलात, ताई. दोनदा. मी नाही वाचला.

सुमनताई: ...व्हय. म्याच वाचला.

स्वरूपा: डोळे पुसा.

सुमनताई: एसीनं पानी येतंय. तू तुझी सीडी बघ.

स्वरूपा: झाली. घालायची का?

सुमनताई: मी घालते. चमकनारी बाजू खाली ना?

स्वरूपा: खाली.

सुमनताई: आता कुनी बोलायचं न्हाई. हे काय आलं? निळं हाय, पन पांढरी रेघ हाय. काय लिवलंय?

स्वरूपा: डिस्क दिसली. किती जागा आहे ते सांगतेय, आणि विचारतेय, इथं बसू का.

सुमनताई: इचारती व्हय? मानसासारखं? सांग, बस म्हनावं. घर तुझंच हाय.

स्वरूपा: एंटर दाबा.

सुमनताई: दाबलं. किती वाजले?

स्वरूपा: एक वाजून पाच. विंडोज बसायला पाऊण तास. मग तुमच्या मशीनचं सॉफ्टवेअर, त्याची सीडी आहे ना?

सुमनताई: ती सायेबांच्या टेबलात व्हती. तिला कुनी पुजली न्हाई.

स्वरूपा: हसवू नका, ताई. डबा आणलाय का जेवणाचा?

सुमनताई: आनलाय. पन हितं न्हाई खायचं, भाईर. भाकरीचा कन दगडावर नको. तू जा, खाऊन ये. वांग्याची भाजी हाय, तुझ्यापुरती बी हाय. मी बसते हिच्यापाशी. रेघ सरकती का ते बघते.

उद्धवराव: तीन वाजले. निरंजनचा दोनदा फोन येऊन गेला. टेम्पोवाला दोरखंड काढून बसलाय. काय सांगू त्याला?

सुमनताई: चप्पल.

उद्धवराव: काढलीये, बाई. दारातच काढली. काय झालं? हे चालू आहे का?

स्वरूपा: विंडोज बसली, काका. सॉफ्टवेअर बसलं, हिरवी पट्टीही ओळखली. आता ताई बघतायत.

उद्धवराव: मग मोजा की बुश. वाट कसली बघताय?

सुमनताई: आदी खऱ्या मापाची रिंग. जिचं माप ठाऊक हाय ती मोजायची. मशीननं तिचं माप बरोबर सांगितलं, तर बुशाचं सांगितलेलं खरं धरायचं. न्हाईतर उगाच आकडे हायत नुसते.

उद्धवराव: पंचवीसची ना ती?

सुमनताई: पंचवीस. सर्टिफिकेट असलेली. गप ऱ्हा जरा दोघं. मशीनच्या दांडीचा लाल मनी खाली घेते.

स्वरूपा: तो मणी कसला, ताई? खडा आहे का?

सुमनताई: मानिक हाय. म्हंजी तसलाच दगड. झिजत न्हाई. दोघं गप ऱ्हा म्हनलं ना.
मानकाचा लाल मनी, टेके हळू लोखंडाला,
जशी माय हात लावी, तापल्या गं कपाळाला.

उद्धवराव: हे काय म्हणतात या?

स्वरूपा: श्श. काका.

सुमनताई: एक टेकला. दोन. तीन. चार. वाच गं, माझा चष्मा राहिला तिकडं.

स्वरूपा: पंचवीस पूर्णांक शून्य शून्य शून्य.

सुमनताई: मला समदे वाचून दाखव. चौथा बी असतो.

स्वरूपा: चौथा चार. पंचवीस पूर्णांक शून्य शून्य शून्य चार.

सुमनताई: परत घेते. एक. दोन. तीन. चार. आता?

स्वरूपा: तेच. शेवटी चार.

सुमनताई: सर्टिफिकेटावर काय हाय, सायेब?

उद्धवराव: थांबा, बघतो. पंचवीस पूर्णांक शून्य, शून्य, शून्य... तीन.

सुमनताई: केसाचे सातशे भाग केले तर त्यातला एक भाग फरक. आठ दिस आजारी व्हती, उठल्या उठल्या येवढं चालायचंच. आना पैला बुश. हातमोजा घालून आना.

उद्धवराव: मी आणू?

सुमनताई: मंग कोन? तिचं ध्यान पडद्यावर पायजे. मिनिटाला एक गेला तर चारला दहा कमी असताना संपतील. तुमी देत ऱ्हावा, मी मोजते, ती कागद काढंल.

उद्धवराव: हा घ्या एक नंबर.

सुमनताई: चांगला. दुसरा.

उद्धवराव: घ्या.

सुमनताई: चांगला. द्या पुढचे.

उद्धवराव: हा चौदावा.

सुमनताई: हा बाजूला ठिवा. दोन मायक्रॉन जास्ती हाय.

उद्धवराव: दोनच ना? कोण बघतंय एवढं.

सुमनताई: मी बघते. म्हनून तर दोन जास्तीचे मांडल्यात सकाळी. येकेचाळीसावा द्या त्याच्या जागी.

उद्धवराव: ...देतो.

स्वरूपा: काका, गेटवर हॉर्न वाजतोय.

उद्धवराव: टेम्पोवाला असेल. इन्स्पेक्टरला अजून अवकाश आहे. सुमनताई, किती राहिले?

सुमनताई: सहा.

उद्धवराव: हे सहा तुम्हीच उचला मग. मी जरा गेटवर जाऊन येतो. एवढं लांबनं आलाय तो, जुना जळका डबा तेवढा देतो त्याला. रिकामा नको पाठवायला.

सुमनताई: बाकी काय न्हाई द्यायचं?

उद्धवराव: बाकी काय द्यायचं? बाकी सगळं चालू आहे. निरंजनला मी सांगतो. आणि सुमनताई, सोमवारपासून पॅकिंगची एक पोरगी हाताखाली घ्या. तुमचं हे असं मोजणं कुणाला तरी आलं पाहिजे.

सुमनताई: घेईन. नखं कापून पाठवा तिला.

स्वरूपा: गेले. चप्पल हातात घेऊन पळाले.

सुमनताई: पळू दे. हा चाळिसावा. चांगला. लाव कागद.

स्वरूपा: लागले सगळे. चारला बारा कमी. बसा आता दोन मिनिटं.

सुमनताई: बसते. ती सीडी काढलीस का आतनं?

स्वरूपा: काढली, या डबीत घातली. दुसरी प्रत करायला कोरी सीडी नाही, सोमवारी आणून करून देते. तोवर ही एकच आहे. जपा हिला.

सुमनताई: कशी जपू?

स्वरूपा: म्हणजे?

सुमनताई: मागं इचारलं न्हाई. आता इचारते. कशी जपायची ते सांग, मी लिवून घेते.

स्वरूपा: उन्हात ठेवायची नाही. चमकत्या बाजूला बोट लावायचं नाही, काठाला धरायची. पाणी नाही, धूळ नाही.

सुमनताई: धूळ न्हाई. लिवलं. अन् खंडेनवमीला?

स्वरूपा: डबीला लावा. डबीच्या वर. झाकण बंद करून.

सुमनताई: आत न्हाई जानार?

स्वरूपा: नाही जाणार.

सुमनताई: मंग झाकन नीट लाव. मी हात धुऊन येते, मंगच घेते हातात.